टाच दुखतेय, पळू की थांबू?

पालख्या पुढे गेल्या, ढोलपथकांची प्रॅक्टिस सुरू झाली आणि डिसेंबरच्या मॅरेथॉनचे प्लॅन लोकांनी काढायला घेतले की दरवर्षी माझ्याकडे टाचेचे प्रश्न वाढतात, यंदा तर इतके आलेत की यावेळचं अख्खं सदर टाचेलाच देतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः पळते आणि काही वर्षांपूर्वी माझी उजवी टाच १४ महिने दुखत होती, त्यामुळे सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवायच्या आधी पोटात जो गोळा येतो तो मला चांगला माहितीये. सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी छोटी केलीत, नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांचा, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. ४ वर्षं पळतोय, दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात. गेल्या डिसेंबरच्या रेसनंतर डावी टाच दुखायला लागली, सकाळी उठल्यावर पहिली दहा-पंधरा पावलं खिळा घुसल्यासारखं होतं, मग कमी होतं, ऑफिसात बराच वेळ बसून उठलो की परत तेच. एक्सरेत टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. ६ आठवडे पळणं पूर्ण बंद ठेवलं, बरं वाटलं म्हणून परत सुरू केलं तर दुसऱ्याच आठवड्यात १० किमी केल्यावर दुखणं परत आलं. त्यात आळंदी ते पुणे वारीत चाललो, आता तर जास्तच झालंय. इंजेक्शन घ्या म्हणतायत, बायको म्हणते पळणंच सोडा. काय करू?

उत्तर : पळणं सोडू नका. पण ६ आठवडे पूर्ण बंद आणि मग एकदम १० किमी हे जे चाललंय ते सोडा, कारण तुमची टाच तिथेच अडकलीये.

आधी दुखतंय काय ते सांगते. तळव्याच्या खाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत एक जाड चिवट पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. खुर्चीत बसून अंगठा हाताने मागे ओढा, तळव्यात दोरीसारखं काहीतरी कडक लागेल, तोच तो. हिक्स यांनी १९५४ साली याचं काम फार छान समजावलं, त्यांनी त्याला विहिरीवरच्या रहाटाची उपमा दिली. आपण चवड्यावर येऊन पाऊल पुढे टाकतो तेव्हा बोटं मागे वळतात, पट्टा रहाटावर दोर गुंडाळावा तसा चवड्याच्या सांध्याभोवती ताणला जातो आणि पायाची कमान वर उचलून पाय कडक करतो, म्हणून आपल्याला जमिनीला रेटा देता येतो. म्हणजे दर पावलाला हा दोर ताणला जाणार. पळताना दर पावलाला अंगावर वजनाच्या साधारण दुप्पट-तिप्पट जोर येतो आणि १० किमीत १० हजारांच्या आसपास पावलं पडतात, म्हणजे एका पायाची ५ हजार. ६ आठवडे ज्या दोराला काहीच काम नव्हतं त्याला दुसऱ्याच आठवड्यात ५ हजार ओढी द्यायच्या, मग तो कुरकुरणारच. वारीत तर आळंदी ते पुणे जवळपास ३० किमी, तेही डांबरावर आणि गर्दीत थांबत थांबत, बरेच जण चपलेवर. भक्तीने पाय चालतात हे खरंय पण टाचेचा हिशोब चुकत नाही.

वाढलेल्या हाडाबद्दल. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं, की लोक एक्सरेतलं ते टोक बघून घाबरतात आणि चालताना ते काट्यासारखं आत टोचतंय असं वर्षानुवर्षं समजत राहतात. ते टोक खाली नाही, पुढच्या दिशेने आडवं असतं, आणि ज्यांची टाच आयुष्यात कधी दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्सरेत ते दिसतं. उलट ज्यांचं दुखणं पूर्ण बरं होतं त्यांचं हाड तिथेच, तेवढंच असतं. तेव्हा ते हाड विसरा. खरंच बघायचं असेल तर सोनोग्राफीत पट्ट्याची जाडी दिसते, ४ मिमीच्या वर असेल तर जाड झालाय म्हणतात, पण तुमची लक्षणं इतकी स्पष्ट आहेत की मी त्यासाठीही पाठवणार नाही.

दुसरा गैरसमज सुजेचा. याला फॅशियायटिस म्हणतात म्हणून सगळ्यांना वाटतं आत सूज आहे, गोळ्या घेतल्या की उतरेल. २००३ साली लेमाँट आणि सहकाऱ्यांनी अशा ऑपरेशनांतले ५० नमुने तपासले तर त्यात सुजेपेक्षा झीज दिसली, धागे विस्कटलेले. महिनोन्‌महिने जुन्या दुखण्यात बहुतेक वेळा हेच असतं. विस्कटलेला दोर गोळीने विणला जात नाही आणि नुसतं झोपूनही नाही, त्याला परत हळूहळू वजन घ्यायला शिकवावं लागतं.

आता करायचं काय. डेन्मार्कमधल्या रॅथलेफ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आहे, ४८ पेशंट होते, निम्म्यांना तळव्याचा ताण द्यायला सांगितलं आणि निम्म्यांना टाच उचलायचा जड व्यायाम. ३ महिन्यांनी जड व्यायामवाले स्पष्ट पुढे होते, वर्षाने मात्र दोघं सारखेच. मी त्यातून असा अर्थ काढते की दोन्हीने फरक पडतो पण ताकदीने लवकर पडतो, आणि पळणाऱ्या माणसाला ताकद तशीही लागणारच आहे. तो व्यायाम तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यात होतो. टॉवेलची गुंडाळी करून पायरीच्या कडेवर ठेवा, बोटं त्या गुंडाळीवर वर वळलेली राहतील असा चवडा टेकवा, टाच बाहेर हवेत, कठडा धरा, दुसरा पाय उचला. ३ सेकंद घेत टाच वर, वर गेल्यावर २ सेकंद थांबा, ३ सेकंद घेत खाली. एक दिवसाआड करायचं, रोज नाही, मधला दिवस दुरुस्तीसाठी लागतो. सुरुवातीला १२ वेळा जेमतेम जमेल इतकं वजन घेऊन ३ सेट, २ आठवड्यांनी वजन वाढवून १० चे ४ सेट, अजून २ आठवड्यांनी ८ चे ५ सेट. वजन म्हणजे पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरायची, त्या अभ्यासातही पेशंटनी तेच केलं होतं. सुरुवातीला एका पायावर १२ जमत नसतील तर दोन्ही पायांवर करा, लाज वाटायचं काहीच कारण नाही, ३ वर्षं हाफ पळणारे कितीतरी जण माझ्यासमोर एका पायावर १२ करू शकत नाहीत आणि मला वाटतं टाच दुखायचं अर्धं कारण तिथेच सापडतं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. पहिले २-३ आठवडे काहीच फरक वाटणार नाही, तिथेच बहुतेक लोक सोडून देतात. ३ महिने धरून चालायचं, ३ आठवडे नाही.

सकाळच्या पहिल्या पावलासाठी एक सोपी गोष्ट आहे. उठून पाय खाली ठेवायच्या आधी पलंगावरच बसा, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटं हाताने मागे नडगीकडे ओढा, १० सेकंद धरा, असं १० वेळा. दिवसातून अजून दोनदा, त्यातलं एकदा ऑफिसात बराच वेळ बसून उठायच्या आधी. रात्रभर पाय खाली झुकलेला राहतो, पट्टा आखडतो आणि एकदम वजन पडलं की ओढला जातो म्हणून ते खिळ्यासारखं वाटतं, आधीच ताण दिला की तो पहिला झटका बोथट होतो.

आणि घरातली फरशी! आपल्याकडे घरात चपला घालायची पद्धत नाही, सकाळी उठल्यापासून स्वयंपाकघर, बाथरूम, देवघर सगळं अनवाणी, शहाबादी असो नाहीतर टाइल्स, कडक आणि थंड. पळायचा तास सांभाळायचा आणि उरलेला सगळा वेळ फरशीवर टाच आपटायची याला काही अर्थ नाही. घरात घालायला वेगळी मऊ, टाचेला थोडी उंच असलेली स्वच्छ चप्पल आणा आणि पलंगाजवळच ठेवा. घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा, ऐकतात.

पळण्याचं आता. शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा ठरवा, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. एका वहीत तीन आकडे रोज लिहा, सकाळच्या पहिल्या पावलाचा, पळताना जास्तीत जास्त किती गेला तो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा. स्वीडनमध्ये सिल्बरनागेल यांनी अकिलीसच्या, म्हणजे टाचेमागच्या जाड शिरेच्या दुखण्याच्या पेशंटवर दाखवलंय की दुखणं ५ पर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत परत खाली आलं तर पळणं चालू ठेवूनही लोक बरे होतात. टाचेच्या तळासाठी मी जरा कडक आहे, ३ पर्यंत ठीक, ४-५ ला त्या दिवशी चालत घरी या. दुसऱ्या सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा वाढला तर कालचं जास्त झालं, तेवढंच समजायचं, पुढच्या वेळी कमी करायचं, घाबरून महिनाभर बंद नाही करायचं.

३० मिनिटं भराभर चालून आकडा २ च्या खाली राहतोय असं आठवडाभर दिसलं की सुरू करा, १ मिनिट पळा १ मिनिट चाला असं १० वेळा, एक दिवसाआड आणि जिन्यातला व्यायाम नसेल त्या दिवशी. तळजाईच्या मातीच्या वाटेवर करा किंवा सणस ग्राउंडला, सपाट असावं एवढंच, टेकडीचे चढ आत्ता नकोत कारण चढावर पोटरी आणि पट्टा दोन्ही जास्त ताणले जातात, आणि पेस तर घड्याळात बघूच नका. वाढवताना आधी वेळ वाढवायची, मग सलग पळणं, स्पीड अगदी शेवटी. बायकोला सांगा की पळणं सोडत नाहीये, पण हे ३ महिने मी वहीप्रमाणे चालणारे, त्यांनाही वही दाखवा, घरच्यांची काळजी आकडे बघून खूप कमी होते असा अनुभव आहे.

इंजेक्शन. स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडतो हे खरं, पण पुढे जाऊन फरक उरत नाही, आणि पट्टा तुटण्याचा व टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. मी स्वतः घेतलं होतं. चौथ्या दिवशी टाच इतकी शांत झाली की मला वाटलं संपलं, तिसऱ्या आठवड्यात मी १६ किमीचा लाँग रन केला आणि त्यानंतरचे ५ महिने आधीच्या ५ महिन्यांपेक्षा वाईट गेले. दुखणं बंद झालं होतं, पट्टा तसाच होता, आणि मला थांबवणारी खूण मीच काढून टाकली होती. त्यामुळे पळणाऱ्याला मी इंजेक्शन पहिल्यांदा कधीच सांगत नाही. ३ महिने नीट व्यायाम करूनही वहीतले आकडे हलले नाहीत तर शॉकवेव्ह हा पर्याय आहे, बहुधा आठवड्यातून एक अशी ३ ते ५ सेशन असतात, पट्ट्यावर बाहेरून दाबाच्या लहरी सोडतात, दुखतं पण जुन्या दुखण्यात बऱ्याच जणांना फायदा होतो. तेही व्यायामाच्या जोडीला, व्यायामाऐवजी नाही.

डिसेंबरला हाफ होईल का हे तुम्ही विचारलं नाहीये पण मनात असणार. ऑक्टोबरच्या शेवटी सलग ८-१० किमी शांतपणे होत असेल तर १० किमीची रेस पळा. हाफ पुढच्या वर्षी. पुण्यात १९८३ पासून मॅरेथॉन होतेय, ती कुठे जात नाही.

प्रश्न : मी २६ वर्षांची, सदाशिव पेठेत राहते, ढोलपथकात आहे. आठवड्यातून तीनदा नदीपात्रात ५-६ किमी पळते, संध्याकाळी प्रॅक्टिस. गेले दीड महिना उजवी टाच दुखतेय, मी पळणं कमी केलं, २ किमीवर आले तरी फरक नाही. विसर्जनाला वाजवायचंच आहे, मदत करा.

उत्तर : तू पळणं कमी केलंस पण ढोल नाही केलास, आणि माझ्या मते तुझी टाच पळण्याने नाही, ढोलाने दुखतेय. दीड महिन्यापूर्वीच प्रॅक्टिस सुरू झाली ना? पळताना निदान पाय हलतात, ओझं बदलत राहतं, कंबरेला ढोल बांधून दोन-तीन तास जवळपास एकाच जागी उभं राहायचं म्हणजे स्वतःचं वजन अधिक ढोल, शिवाय टोल देताना एका पायावर भार, तो बहुतेक तुझा उजवाच असणार, बघ एकदा. जास्त वेळ उभं राहणं हे टाचदुखीचं ठरलेलं कारण आहे, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या लोकांत ते खूप दिसतं. पायाला दोन्ही ओझी एकच वाटतात, त्याला माहिती नसतं हे रनिंग आणि ही प्रॅक्टिस.

प्रॅक्टिसला अनवाणी किंवा पातळ तळाच्या चपलेवर उभी राहत असशील तर आजपासून पळायचे शूज घाल, पथकाच्या ताईदादांना आधी सांगून ठेव, मिरवणुकीच्या दिवशी पोशाखाचं बघता येईल. दर २० मिनिटांनी ढोल उतरवून २-३ मिनिटं बस आणि बोटं मागे ओढायचा जो ताण वर लिहिलाय तो कर. प्रॅक्टिसच्या दिवशी पळू नकोस, मधल्या दिवशी २-३ किमी चालेल. जिन्यातला व्यायाम तूही कर, पण प्रॅक्टिसच्या आधी नको, पोटऱ्या थकलेल्या असताना उभं राहिलीस की सगळं ओझं पट्ट्यावर जातं. टेपिंगही शिकून घे एखाद्या फिजिओकडून, टाचेभोवती आणि कमानीखाली पांढरा न ताणणारा टेप लावतात, आठवडाभर तरी बराच आराम पडतो आणि मिरवणुकीच्या दिवशी तेवढं पुरतं. पथकात दोन पाळ्या असतील तर एक मागून घे, सगळ्या मिरवणुकीभर ढोल घ्यायची जिद्द यावर्षी नको. झांज किंवा ध्वज घेतलास तरी तू पथकातच असतेस.

प्रश्न : वय ५२. दर रविवारी सिंहगड, आतकरवाडीतून वर, पायवाटेने पळत-चालत. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. टाच दुखते पण खालून नाही, मागून, जिथे शूजची कड लागते तिथे. सकाळी आखडलेलं असतं, गाठीसारखं लागतं. मित्राने पायरीवर टाच खाली सोडायचा व्यायाम सांगितला, त्याने वाढलं. सर्वांना फायदा होतो मला का नाही?

उत्तर : सर, तुमचं दुखणं वरच्या पत्रांपेक्षा वेगळं आहे. पोटरीची जाड शीर, अकिलीस टेंडन, टाचेच्या हाडाला मागे जिथे चिकटते तिथलं हे दुखणं आहे. मित्राचं चुकलं नाही, त्याने सांगितलेला व्यायाम स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडला, दिवसाला १८० वेळा टाच पायरीखाली सोडायची, आणि टेंडनच्या मधल्या भागात, म्हणजे टाचेच्या हाडापासून काही सेंटिमीटर वर दुखणाऱ्यांना त्याने खूप फरक पडला. पण तुमचं दुखणं अगदी हाडाशी आहे. टाच पायरीच्या खाली गेली की टेंडन त्या हाडावर दाबली जाते, म्हणजे जिथे दुखतंय तिथेच चेचलं जातं. तुम्ही तोच व्यायाम सपाट जमिनीवर करा, टाच वर न्या, खाली आणा, जमिनीला टेकली की थांबा, जमिनीखाली नाही. पोटरीचा भिंतीला टेकून ताण देत असाल तर तोही सध्या बंद. दोन्ही शूजमध्ये टाचेखाली साधारण १ सेंटिमीटरची रबरी पट्टी घाला, मागची कड घासत असेल तर शूज बदला.

आणि हे लिहिताना मला त्रास होतोय कारण आतकरवाडीची ती वाट मलाही जीव की प्राण आहे, पण चढताना प्रत्येक दगडावर चवडा टेकतो आणि टाच मागे लोंबकळते, म्हणजे जे करायचं नाही तेच दोन तास होतं. २ महिने सिंहगड थांबवा. जायचंच असेल तर चालत, प्रत्येक पायरीवर अख्खं पाऊल ठेवून, सावकाश. सातारा हिलला यवतेश्वरचा चढ आहे, हाफपैकी पहिला अर्धा भाग चढाचाच, यावर्षीचा नंबर असला तरी सोडा असं मी स्पष्ट सांगेन.

प्रश्न : टाचेसाठी कुठल्या कंपनीचे शूज घ्यावेत? आणि मापाचे इनसोल करून घ्यावेत का, बरेच महाग सांगितलेत. (औंध, बाणेर आणि वारजे अशा तीन ठिकाणांहून साधारण हाच प्रश्न)

उत्तर : कंपनी सांगणार नाही, कारण पाय प्रत्येकाचा वेगळा. टाचदुखी चालू असताना टाच चवड्यापेक्षा ८-१० मिमी उंच असलेला शू सहसा बरा वाटतो, अगदी सपाट शूजवर याच काळात जाऊ नका. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि दुकानातच दोन-चार मिनिटं पळून बघा. ५०० ते ८०० किमी झालेले शूज दिसायला चांगले असले तरी बदला. इनसोलबद्दल, मापाचे महाग आणि तयार मिळणारे यांची तुलना झालीये, वर्षभरानंतर फारसा फरक सापडला नाही. आधी तयार मिळणारे घेऊन बघा. उरलेले पैसे एखाद्या चांगल्या फिजिओच्या दोन-तीन भेटींवर घालवा.

प्रश्न : आई ६३ वर्षांची, तळजाईला रोज चालायला जाते, १२ वर्षं शुगर आहे. टाच दुखते म्हणून आजीच्या पद्धतीने वीट तापवून त्यावर रुईचं पान ठेवून शेकते. बरं वाटतं म्हणते. चालू ठेवू द्यावं का?

उत्तर : नाही, आजच बंद करा. रुईच्या पानाचा आणि विटेचा शेक आपल्या घराघरात आहे, माझी आजीही करायची, गरम शेकाने थोडा वेळ बरं वाटतं हे खोटं नाही. पण १२ वर्षांच्या शुगरमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, वीट किती तापलीये ते आईंना कळणारच नाही, आणि भाजलेली टाच शुगरच्या माणसात महिनोन्‌महिने भरत नाही, कधी कधी प्रकरण फार पुढे जातं. रुईचा चीकही त्वचेला आणि डोळ्याला घातक. आईंच्या डॉक्टरांकडे पायाची संवेदना तपासून घ्या, नायलॉनच्या बारीक तारेने तळव्याला ठिकठिकाणी हलकेच टेकवून बघतात, पाच मिनिटांचं काम आहे. टाचेत जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर ते मुद्दाम सांगा, ते पट्ट्याचं दुखणं नसून नसेचं असू शकतं. रोज रात्री तुम्ही स्वतः त्यांचे तळवे बघा, भेगा, फोड, लाली. घरात मऊ चप्पल, बाहेर बूट, अनवाणी अजिबात नाही, देवळातसुद्धा मोजे राहू द्या. चालणं बंद करू नका, वेळ निम्मी करा.

प्रश्न : २९ वर्षांचा, मुलगा, बालेवाडीला ट्रॅकवर पळतो. दोन्ही टाचा दुखतात, एक वर्ष झालं. कंबरही आखडलेली असते सकाळी, तास दीड तास, पळायला लागलो की मोकळं वाटतं, सुट्टीच्या दिवशी पडून राहिलो की उलट वाढतं. पहाटे तीन-चारला कंबरेमुळे जाग येते. व्यायाम सगळे करून झाले, इंजेक्शनचं ठरलंय पुढच्या आठवड्यात.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि यावेळच्या सगळ्या पत्रांत मला याचीच काळजी वाटतेय. तरुण वय, दोन्ही टाचा, सकाळी तासाभराहून जास्त आखडणं, आराम केला की वाढणं, हालचालीने कमी होणं, पहाटे जाग येणं, हे सगळं एकत्र असेल तर ते पळण्याचं दुखणं नसून मणक्याच्या एका संधिवाताचं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं, लक्षण असू शकतं. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती जिथे टेंडन आणि पट्टे हाडाला चिकटतात तिथेच सूज आणते, म्हणून टाचा. पट्ट्याच्या साध्या झिजेत आखडणं दहा-पंधरा पावलांत सुटतं, तासभर राहत नाही. या आजाराचं निदान व्हायला बऱ्याचदा कित्येक वर्षं जातात कारण लोक टाचेसाठी एकाकडे आणि कंबरेसाठी दुसऱ्याकडे जातात, दोन्ही एकत्र कुणी विचारतच नाही. तसंच गेल्या वर्ष-दीड वर्षात चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर तेही सांग, पुण्यात पावसाळ्यानंतर असे पेशंट येतात आणि त्यांच्या टाचा, घोटे महिनोन्‌महिने दुखत राहतात.

हाडाच्या डॉक्टरांकडे नाही, रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे, अपॉइंटमेंट घे, याच आठवड्यात. ते रक्तातली सूज, एचएलए बी२७ (या आजाराशी जोडलेल्या जनुकाची रक्ततपासणी) आणि गरज वाटली तर कंबरेच्या सांध्यांचा एमआरआय सांगतील, एक्सरेत सुरुवातीला काही दिसत नाही म्हणून फक्त एक्सरे नॉर्मल आला तर तिथे थांबू नकोस. जाताना कागदावर लिहून ने, सकाळी किती वेळ आखडतं, रात्री कितीदा उठतोस, डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, सोरायसिस आहे का, घरात कुणाला मणक्याचा असा त्रास आहे का. आज यावर चांगली औषधं आहेत, आणि व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो त्यामुळे पळणं कदाचित चालूच राहील. ते होईपर्यंत पुढच्या आठवड्यातलं टाचेचं इंजेक्शन पुढे ढकल, फोन करून सांग की आधी ही तपासणी करायचीये.